नाटकाचा प्रयोग शूट करायचाय, तीन कॅमेरे आहेत, कसं करायचं?

प्रश्न असा आलाय की दोन अंकी नाटक आहे, साधारण दोन तासांचं, प्रेक्षकांसमोरचा प्रयोग शूट करायचाय आणि तो नंतर स्क्रीनवर बघणाऱ्यांना द्यायचाय. तीन कॅमेरे मिळणार आहेत. आधी एकदा शूट केलं होतं तेव्हा चेहरे पांढरेफटक आले, आवाज घुमत होता, आणि हॉलमध्ये जे नाटक मस्त रंगलं होतं तेच स्क्रीनवर पाच मिनिटांत कंटाळवाणं वाटायला लागलं. तर कुठला कॅमेरा घ्यावा आणि कसं करावं.

सविस्तर सांगतो, कारण यातली प्रत्येक गोष्ट दुसरीत अडकलेली आहे. पण कॅमेऱ्याच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. हॉलमध्ये बसलेला माणूस कुठे बघायचं ते स्वतः ठरवत असतो. बोलणाऱ्याकडे बघतो, मग ज्याला बोललं जातंय त्याच्याकडे बघतो, मागे कोणी दार उघडलं तर तिकडे बघतो, आणि हे इतक्या पटकन होतं की त्याला स्वतःला कळत पण नाही. स्क्रीनवर बघणाऱ्याकडून हे स्वातंत्र्य तुम्ही काढून घेतलेलं असतं. आता त्याच्या वतीने कुठे बघायचं ते तुम्ही ठरवणार, दोन तास, सलग. कंटाळा येतो तो इथेच येतो, कॅमेरा स्वस्त होता म्हणून नाही.

उदाहरण देतो. समजा एका प्रवेशात मुलगी सांगतेय की ती उद्या घर सोडून चाललीय. आई मागे टेबल पुसतेय. आईला त्या अख्ख्या प्रवेशात एकही वाक्य नाही. मुलगी बोलत राहते, आणि मध्येच कुठेतरी आईचा पुसणारा हात थांबतो, दोन सेकंद तसाच राहतो आणि मग परत पुसायला लागतो, पण आता त्याच जागेवर, पुन्हा पुन्हा. हॉलमधल्या प्रत्येकाला हे दिसतं आणि प्रवेश तिथे उभा राहतो. तुमचा कॅमेरावाला नाटक पहिल्यांदाच बघत असेल तर तो काय करेल? जी बोलतेय तिच्यावर कॅमेरा ठेवेल. सगळे संवाद स्वच्छ येतील, फोकस परफेक्ट, आणि प्रवेश गेला. हे एडिटिंगला दुरुस्त होत नाही कारण तो हात कुठल्याच कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डवर नसतो, वाइडमध्ये, म्हणजे पूर्ण रंगमंच दाखवणाऱ्या शॉटमध्ये, असेल तर बोटभर दिसेल.

म्हणून पहिलं काम तालमीला जाऊन बसणं. एकदा नुसतं बघा, काही लिहू नका. दुसऱ्यांदा संहिता हातात घेऊन बसा आणि समासात खुणा करा: इथे कोण ऐकतंय ते महत्त्वाचं, इथे एन्ट्री आहे, इथे दोघं एकमेकांना क्रॉस करतात, इथे हशा अपेक्षित आहे, इथे ब्लॅकआउट. तिसऱ्यांदा मधोमध मोबाइल लावून पूर्ण रन रेकॉर्ड करा आणि नंतर शांतपणे बघा, तो रेकॉर्ड तुमचा नकाशा. दिग्दर्शकाला सरळ विचारा की अशा कुठल्या जागा आहेत ज्या चुकल्या तर तुम्हाला वाईट वाटेल, प्रत्येक दिग्दर्शक लगेच दहा-बारा सांगतो. मोठ्या संस्था तर यासाठी कॅमेरे लावून वेगळी तालीम करतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने २००६ च्या डिसेंबरपासून आणि लंडनच्या नॅशनल थिएटरने २००९ च्या जूनपासून आपले प्रयोग सिनेमा थिएटरांमध्ये लाइव्ह दाखवायला सुरुवात केली, ते लाइव्ह असूनही शॉट बरोबर जागी पडतात कारण कुठला शॉट कधी हे आधीच लिहिलेलं असतं. तुमच्याकडे तेवढी माणसं नसतील पण प्रत्येक कॅमेरावाल्याच्या हातात एक कागद तर देता येईल, ज्यावर त्याच्या वाट्याच्या जागा लिहिल्या आहेत, आधीच्या वाक्यासकट, म्हणजे ते वाक्य ऐकलं की त्याने तयार व्हायचं.

आता कॅमेरे. एक मधोमध, वाइड, पूर्ण रंगमंच दिसेल असा, आणि त्याला प्रयोगभर कोणी हात लावायचा नाही. हा तुमचा विमा. बाकी दोन्हींवर काहीही गडबड झाली तरी याच्यावर येता येतं. उंची महत्त्वाची आहे, उभ्या नटाच्या डोळ्यांच्या पातळीला किंवा थोडं वर. पहिल्या रांगेच्या पातळीवरून घेतलंत तर जमीन दिसत नाही, कोण पुढे कोण मागे कळत नाही, नाच असेल तर रचनाच दिसत नाही. आणि बाल्कनीतून घेतलंत तर सगळ्यांचे डोळे भुवयांच्या सावलीत जातात. उरलेले दोन कॅमेरे मधल्याच्या दोन्ही बाजूंना, आणि ते क्रॉसमध्ये वापरायचे, म्हणजे डाव्या कॅमेऱ्याने उजवीकडचा नट घ्यायचा आणि उजव्याने डावीकडचा, कारण दोघं एकमेकांकडे बघत असताना प्रत्येकाचा चेहरा समोरच्या बाजूने जास्त मिळतो. पण फार कडेला जाऊ नका, विंगेत उभी असलेली माणसं फ्रेममध्ये दिसायला लागली की समजा जास्त बाहेर गेलात.

या तीन जागांच्या खुर्च्या तिकीटविक्री सुरू व्हायच्या आधी अडवून ठेवा, मागच्या माणसाला ट्रायपॉड आडवा येणार असेल तर त्याची पण. लाकडी फ्लोअर किंवा बाल्कनी असेल तर कोणी चाललं की लांब लेन्सवर चित्र हलतं, ते रिकाम्या हॉलमध्ये कळत नाही, एखाद्याला शेजारून चालायला लावून बघा. कॅमेऱ्याचा लाल दिवा आणि स्क्रीनचा उजेड झाका. ऑपरेटर काळ्या कपड्यांत. पैसे देऊन आलेला प्रेक्षक पहिला, शूटिंग नंतर, हे कायम लक्षात असू द्या. प्रेक्षक वैतागला तर हॉलमधला प्रतिसाद पडतो, आणि तो पडला की नटांवर परिणाम होतो.

कुठला कॅमेरा याचं उत्तर सोपं आहे. तिन्ही एकाच मॉडेलचे घ्या. एक भारी आणि दोन साधे यापेक्षा तीन मध्यम पण सारखे कधीही चांगले, रंग जुळवण्यात जे दिवस जातात ते वाचतात. लेन्स किती मिमीची (फोकल लेंग्थ) लागेल याचा हिशोब आधी करून ठेवा. फुल फ्रेम कॅमेऱ्यात चित्र टिपणाऱ्या सेन्सरची रुंदी ३६ मिमी असते. कॅमेरा रंगमंचापासून १५ मीटरवर आहे आणि तुम्हाला १० मीटर रुंदी घ्यायचीय तर ३६ गुणिले १५ भागिले १०, म्हणजे ५४ मिमी लागेल, ते कोणाकडेही असतं. पण त्याच जागेवरून एका माणसाचा कमरेपर्यंतचा शॉट घ्यायचा, फ्रेमची रुंदी दीड मीटर, तर ३६० मिमी लागतात. इथे बहुतेकांची पंचाईत होते. फोरके (फुल एचडीच्या दुप्पट रुंद आणि उंच चित्र) शूट करून फुल एचडीमध्ये देणार असाल तर निम्म्यापर्यंत क्रॉप करता येतं, म्हणजे कडा कापून मधला भाग मोठा करता येतो, म्हणजे १८० मध्ये भागतं, पण अंधाऱ्या प्रवेशात क्रॉप केलं की दाणे दिसायला लागतात. आणि एवढ्या लांब लेन्सला ट्रायपॉडचं फ्लुइड हेड, म्हणजे कॅमेरा झटका न बसता वळवणारा वरचा भाग, चांगलंच पाहिजे, बजेट कमी असेल तर कॅमेऱ्यातून कापा, हेडमधून नको.

चेहरे पांढरे का आले ते सांगतो. तुमचे कॅमेरे ऑटोवर होते. रंगमंचावर बहुतेक फ्रेम काळी असते आणि मध्ये एक उजळ चेहरा, ऑटो एक्स्पोजर, म्हणजे किती उजेड घ्यायचा ते कॅमेऱ्याने स्वतः ठरवणं, सरासरी काढतं, त्याला वाटतं अंधार फार आहे आणि ते सगळं उघडतं, मागचा पडदा राखाडी होतो आणि चेहरा जळतो. जळलेला चेहरा परत येत नाही. म्हणून सगळं मॅन्युअल. नाटकातल्या सगळ्यात उजळ प्रवेशातल्या चेहऱ्यावर एक्स्पोजर सेट करा, कॅमेऱ्यात झेब्रा (ठरावीक उजेडाच्या भागावर स्क्रीनवर तिरपे पट्टे दाखवणारी सोय) असेल तर ७० टक्क्यांना लावा, चेहऱ्याच्या उजळ भागावर हलके पट्टे आले की ठीक. काळं काळंच राहू दे. प्रवेश फारच मंद झाला तर ऑपरेटरने आयरिस (लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र) हळूच उघडायचा, पण आयएसओ किंवा गेन (कॅमेरा चित्र आतल्या आत उजळ करतो ती सेटिंग) ऑटोवर ठेवलात तर प्रत्येक ब्लॅकआउटला स्क्रीनवर दाण्यांचा पाऊस पडेल. व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणूनची सेटिंग) पण तिन्ही कॅमेऱ्यांवर एकच आकडा टाकून फिक्स, जुने पिवळे दिवे असतील तर ३२०० केल्विनच्या आसपास, एलईडी असतील तर मुख्य पांढरा कुठला आहे ते प्रकाशयोजना करणाऱ्यालाच विचारा. शटर, सेकंदाला २५ फ्रेम असतील तर, १/५० सेकंदाने सुरुवात करा, पण एलईडी किंवा मागे व्हिडिओ वॉल असेल तर पट्टे येतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत कॅमेऱ्यालाच दिसतात, त्यामुळे तांत्रिक तालमीला प्रत्येक दिवा मंद करून टेस्ट घ्याच. मंद केल्यावरच जास्त त्रास देतात हे दिवे.

निळा आणि जांभळा हे मात्र वेगळंच दुखणं आहे. गडद निळ्या एलईडीत हॉलमधल्या डोळ्याला चेहरा नीट दिसतो, कॅमेऱ्याचा मात्र निळा चॅनेल (फक्त निळा रंग नोंदवणारा भाग) एकटाच भरून वाहतो आणि नाक-डोळे पुसले जातात, नुसता निळा ठिपका उरतो. याला एडिटिंगमध्ये इलाज नाही. प्रकाशयोजनाकाराला मॉनिटरवर दाखवा, त्याला म्हणा की निळं राहू दे फक्त चेहऱ्यावर किंचित पांढरा मिसळ आणि निळ्याची लेवल थोडी खाली घे. तसंच सगळ्यात अंधारे जे क्यू (ठरलेले प्रकाशबदल) आहेत ते जरा उचलायला सांगा. पण सगळं झगझगीत करा असं कधीही सांगू नका, त्याने महिनाभर बसून जो मूड बांधलाय तो तुमच्या सोयीसाठी मोडायचा अधिकार आपल्याला नाही. बहुतेक लोक स्क्रीनवर बघितल्यावर स्वतःहून बदल करतात, विचारायची पद्धत बरोबर पाहिजे.

फोकस मॅन्युअल. ऑटोफोकस धूर सोडला की आणि ब्लॅकआउटमध्ये शोधाशोध करत बसतो.

आता आवाज, आणि इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन. चित्र थोडं मऊ असेल तर लोक दोन तास बघतात, संवाद कळला नाही तर दहाव्या मिनिटाला बंद करतात. कॅमेऱ्यावरचा माइक हॉलच्या मागच्या बाजूला असतो, त्याच्यापर्यंत नटाचा आवाज पोहोचतो तेव्हा भिंती आणि छतावरून आलेले आवाज पण बरोबर येतात, म्हणून घुमतो. त्यावर लोक सांगतात की साउंडच्या मिक्सरमधून लाइन घ्या, म्हणजे थेट वायरने आवाज घ्या. घ्याच, पण तेवढ्याने भागत नाही. मिक्सरवरचं मिक्स हॉलसाठी केलेलं असतं. ढोलकी किंवा ड्रम रंगमंचावर जात्याच मोठा वाजतो म्हणून साउंडवाला तो स्पीकरमध्ये कमी देतो, म्हणजे तुमच्या लाइनमध्ये गायक कानात येऊन गातोय आणि ताल कुठेतरी लांब. मिक्सरमधून प्रत्येक माइक वेगळ्या ट्रॅकवर घेता येत असेल तर तसंच घ्या, नंतर शांतपणे मिक्स करा. नाटक विनामाइकचं असेल तर रंगमंचाच्या पुढच्या कडेला दोन-तीन बाउंड्री माइक (जमिनीवर सपाट ठेवायचे माइक) लावा, त्यांच्याखाली पातळ फोम घाला नाहीतर प्रत्येक पाऊल धाडधाड ऐकू येतं. किंवा मुख्य नटांना केसांच्या रेषेशी छोटे वायरलेस माइक, छातीवर लावले तर मिठी मारली की संपलं.

आणि प्रेक्षकांचा आवाज वेगळा घ्या, दोन माइक, प्रेक्षकांकडे तोंड करून. हा माझा आग्रहच आहे. बरेच जण स्वच्छ आवाजाच्या नादात हशा-टाळ्या काढून टाकतात. मग काय होतं, नट विनोदानंतर थांबलाय, हॉलमध्ये तो हशा ओसरायची वाट बघत होता, स्क्रीनवर हशाच नाही, तर तो वाक्य विसरल्यासारखा उभा दिसतो. नटाची लय प्रेक्षकांबरोबर बांधलेली असते, त्यातला एक जण काढला की दुसरा चुकीचा वाटतो. शांतता पण तशीच, भरलेल्या हॉलची शांतता आणि म्यूट केलेला ट्रॅक यात फरक ऐकू येतो.

फक्त हे सगळे ट्रॅक जुळवताना एक गणित विसरू नका. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंद, म्हणजे आवाज एका फ्रेममध्ये १४ मीटरच्या आसपास पोहोचतो. मागे २८ मीटरवर ठेवलेला माइक दोन फ्रेम उशिरा ऐकतो, तो तसाच मिक्सरच्या लाइनवर टाकलात की परत घुमणं सुरू. आधी ट्रॅक सरकवून जुळवा आणि मग मिक्स करा. शिवाय वेगळा रेकॉर्डर आणि कॅमेरा यांची घड्याळं अगदी एक नसतात, तासाभरात काही फ्रेमचा फरक पडू शकतो, म्हणून प्रत्येक अंकाच्या आधी आणि नंतर एक टाळी, सगळ्या कॅमेऱ्यांना दिसेल अशी. सगळ्या यंत्रांवर आवाजाचा सॅम्पल रेट एकच, ४८ किलोहर्ट्झ. रेकॉर्डिंगच्या मीटरवर सगळ्यात मोठा आवाज साधारण उणे १२ डीबीच्या आसपास ठेवा, कारण तालमीत कोणी किंचाळत नाही, प्रयोगात किंचाळतात.

कार्ड-बॅटरीचं पटकन. सेकंदाला १०० मेगाबिटने रेकॉर्ड केलं तर दोन तास म्हणजे साधारण ९० जीबी, प्रत्येक कॅमेऱ्याला. काही कॅमेरे अर्ध्या तासाला आपोआप रेकॉर्डिंग थांबवतात, आधी तपासा. पॉवर अडॅप्टरवर चालवा, आणि तिन्ही कॅमेऱ्यांची कार्डं एकाच वेळी बदलू नका, मध्यंतर असलं तरी.

जमत असेल तर एकापेक्षा जास्त वेळा शूट करा. 'हॅमिल्टन' या अमेरिकन संगीत नाटकाचं ब्रॉडवेवरचं (न्यूयॉर्कमधलं) शूटिंग २०१६ च्या जूनमध्ये झालं तेव्हा प्रेक्षकांसमोरचे प्रयोग शूट केले आणि शिवाय रिकाम्या थिएटरमध्ये कॅमेरे रंगमंचावर नेऊन वेगळे शॉट घेतले, म्हणून ते इतकं जवळून दिसतं. तुम्हाला तेवढा थाट नको, पण रंगीत तालीम शूट करता येते, पूर्ण वेशभूषा आणि दिव्यांसकट, आणि तिथे कॅमेरा तुम्ही पहिल्या रांगेच्या पुढेसुद्धा आणू शकता. आईचा तो हात तालमीत जवळून घ्या आणि प्रयोगाच्या रेकॉर्डिंगमध्ये जोडा. नटांना आधी सांगून ठेवा की केस, कपडे, हातातल्या वस्तू दोन्ही दिवशी सारख्याच पाहिजेत.

प्रयोग चालू असताना दोन बाजूच्या कॅमेऱ्यांसाठी एकच नियम पुरतो, एक बोलणाऱ्यावर तर दुसरा ऐकणाऱ्यावर, आणि दोघांनी एकाच वेळी फ्रेम बदलायची नाही. इंटरकॉम असेल तर उत्तम, पण कुजबुजसुद्धा शेवटच्या रांगेला ऐकू जाते. झूम चालू असतानाचं फुटेज जवळजवळ कधीच वापरलं जात नाही, फ्रेम लावा आणि थांबा.

अजून एक, क्लोजअपचा मोह आवरा. रंगमंचावरचा अभिनय शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचण्यासाठी केलेला असतो, आवाज मोठा, भुवया मोठ्या, मेकअप पण जरा जास्त. तोच चेहरा स्क्रीनभर घेतला की चांगला नट ओव्हर करतोय असं वाटतं आणि तो अन्याय आहे त्याच्यावर. छातीपर्यंतचा शॉट हा तुमचा नेहमीचा शॉट ठेवा. त्याहून जवळ फक्त जिथे नट स्वतःच आत गेलाय, हळू बोलतोय किंवा गप्प आहे तिथे. नाच असेल तर डोक्यापासून पायापर्यंत, हॉलिवूडचा नर्तक-नट फ्रेड अस्टेअर आपल्या नाचात पूर्ण शरीर फ्रेममध्ये पाहिजे म्हणून अडून बसायचा, आणि ते बरोबरच होतं, पाय कापले की नाच उरत नाही.

एडिटिंगला प्रत्येक प्रवेश वाइडने उघडा, कोण कुठे आहे ते कळू दे. एन्ट्री होणार असेल तर आदल्या वाक्यालाच वाइडवर या, माणूस आल्यावर नाही. आणि दर वाक्याला बोलणाऱ्यावर उडी मारू नका, ते टेबल टेनिस होतं. कधी वाक्य एकाचं आणि चेहरा दुसऱ्याचा असा अर्धा मिनिटसुद्धा राहू दे. हशा चालू असताना कट करू नका, तो ओसरू दे.

यातलं काहीही सुरू करायच्या आधी परवानग्या लेखी घ्या. प्रयोग करायची परवानगी आणि तो रेकॉर्ड करून दाखवायची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लेखक, संगीतकार, नट, वादक, तंत्रज्ञ सगळ्यांच्या. नाटकात एखादं तयार गाणं वाजत असेल तर ऑनलाइन टाकल्यावर आपोआप पकडलं जाऊ शकतं आणि व्हिडिओ बंद पडू शकतो, त्याचं काय करायचं ते शूटिंगच्या आधी ठरवा, कारण संवादाखाली वाजणारं गाणं नंतर स्वच्छ वेगळं काढणं अवघड असतं.

पहिलं एडिट झालं की ते नाटक अजिबात न बघितलेल्या माणसाला दाखवा, लॅपटॉपच्या साध्या स्पीकरवर, आणि तुम्ही शेजारी वही घेऊन बसा. कुठे तो "हे कोण बोललं?" म्हणतो, कुठे आवाज वाढवतो, कुठे मोबाइल हातात घेतो, वेळ लिहून ठेवा. पहिल्या प्रकारच्या जागांवर बहुतेक वेळा वाइड शॉट लागतो. दुसऱ्या प्रकारच्या जागांवर परत मिक्स. आणि तिसऱ्या प्रकारच्या जागांवर ऐकणाऱ्याचा शॉट शोधा, तुमच्या कागदावर असेल तर कार्डवर पण असेल.